प्रभो, आम्हाला ऐकणारे अंतःकरण दे



पेरणी केव्हा करावी, कर्ज किती काढावे, मुलीचे शिक्षण पुढे चालू ठेवावे की तिचे लग्न उरकावे, मुलाने गावी राहावे की पुण्याला जावे, असे प्रश्न कळंब परिसरातील घराघरांत रोज उभे राहतात. मांजरा नदीच्या या खोऱ्यात कधी पाऊस पाठ फिरवतो. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. कधी तोच पाऊस सर्वनाश करतो. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्यातील उभी पिके पाण्यात गेली. अशा परिस्थितीत चुकलेला एक निर्णय कुटुंबाला अनेक वर्षे भोवतो. म्हणूनच देवाकडे ज्ञान मागणे ही केवळ साधुसंतांची बाब नसून आपल्या संसाराची गरज आहे.

शलमोनाने काय मागितले?

राजांच्या पहिल्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायात तरुण शलमोनाची प्रार्थना आहे. गिबोन येथे देवाने त्याला स्वप्नात दर्शन देऊन, हवे ते मागण्यास सांगितले. शलमोनाने धन, दीर्घायुष्य किंवा शत्रूंचा नाश मागितला नाही. आपण लहान मुलासारखे अजाण आहोत, हे त्याने आधी मान्य केले आणि मग प्रजेचा न्याय करण्यासाठी विवेक मागितला. मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ ‘ऐकणारे अंतःकरण’ असा होतो. ज्ञान म्हणजे माहितीचा साठा नव्हे, तर देवाचे व माणसांचे ऐकून घेण्याची तयारी होय, हे त्यातून स्पष्ट होते.

मात्र याच शलमोनाचे अंतःकरण उतारवयात देवापासून दूर गेले, असे त्याच पुस्तकाचा अकरावा अध्याय सांगतो. एकदा लाभलेले ज्ञान आयुष्यभर पुरत नाही. ते रोज नव्याने मागावे लागते.

तेरचे मडके

आपल्या जिल्ह्यातील तेर हे संत गोरा कुंभार यांचे गाव. त्यांच्याविषयी एक कथा परंपरेने चालत आली आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना, यांतील कोणते मडके कच्चे आहे ते पाहण्यास सांगितले. काकांनी आपले थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारले. इतर शांत राहिले. नामदेव मात्र संतापले आणि तेच कच्चे ठरले. पुढे त्यांनी विसोबा खेचर यांना गुरू केले.

नामदेवांजवळ भक्ती नव्हती असे नव्हे. पारखले जाणे मात्र त्यांना सहन झाले नाही. त्यांचे खरे मोठेपण यात की, कच्चेपण कळल्यावर ते शिकावयास निघाले. यिर्मया संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायातही कुंभार बिघडलेले भांडे फेकून देत नाही. त्याच मातीला तो पुन्हा आकार देतो. आपण मऊ राहिलो तरच देवाच्या हाताला वाव मिळतो.

इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी घोषित केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या लेखनात ही वृत्ती दिसते. ‘सुबोध बायबल’साठी त्यांना २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, तरी बायबलचा हा अभ्यासक मराठी संतांकडूनही शिकत राहिला. १० ते १२ जानेवारी २०२० या काळात तेव्हाच्या उस्मानाबादेत भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभुवासी झाले.

ज्ञान कसे मागावे?

प्रथम, विश्वासाने मागावे. ज्याला ज्ञान उणे असेल त्याने ते देवाजवळ मागावे, देव दोष न लावता उदारपणे देतो, असे याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय सांगतो. दृढीकरण संस्कारात आपल्याला लाभणाऱ्या पवित्र आत्म्याच्या सात दानांमध्ये ज्ञानाचे दान पहिले आहे. त्या दानाचे स्मरण करून रोज प्रार्थना करावी.

दुसरे, माणसांमार्फत येणारे उत्तर नाकारू नये. बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा सन्मान करावयास सांगतो, कारण त्याचे कौशल्यही देवाचेच दान आहे. आजारात डॉक्टरांचा, शेतीत जाणकारांचा आणि घरात पत्नीचा व मुलांचा सल्ला घेणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. पुष्कळदा घरात सर्वांत कमी बोलणाऱ्यालाच खरी अडचण ठाऊक असते.

तिसरे, निर्णयाची पारख करावी. वरून येणारे ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय व दयाळू असते, असे याकोब तिसऱ्या अध्यायात सांगतो. शेजाऱ्याशी चढाओढ म्हणून लग्नात वारेमाप खर्च करावासा वाटला, तर ती प्रेरणा देवाची नाही, हे ओळखावे. उत्तर लगेच मिळाले नाही तर पवित्र मरियेप्रमाणे घडलेल्या गोष्टी मनात ठेवून त्यांवर चिंतन करावे.

देवाकडे ज्ञान मागितल्याने दुष्काळ टळेलच असे नाही. पण संकटात एकमेकांना दोष देण्याऐवजी एकत्र बसून योग्य वाट शोधण्याचे बळ त्यातून लाभते. आज रात्री कुटुंबप्रार्थनेच्या वेळी आपण सारे मिळून म्हणू या:

हे प्रभो, आम्ही अजाण आहोत. आमच्या मुखाआधी आमचे कान उघड. कोणी चूक दाखविली तर रागावू न देता आम्हाला शिकव आणि तुझ्या इच्छेप्रमाणे घडव. आमेन.