सीआरपी कमी, म्हणून धोका नाही?

चाकणच्या एका कारखान्यात काम करणारे पन्नाशीचे गृहस्थ. मधुमेह जुना. पायाच्या अंगठ्याला जखम झालेली आणि आदल्या दिवसापासून ताप. पत्नीने त्यांना रिक्षातून माझ्या दवाखान्यात आणले आणि आधी रिपोर्टच पुढे केला. "डॉक्टरसाहेब, सीआरपी अठराच आहे, म्हणजे घाबरण्यासारखं नाही ना?"

रिपोर्ट आदल्या दिवशी सकाळचा होता. समोरचे गृहस्थ मात्र मिनिटाला अठ्ठावीस श्वास घेत होते. रक्तदाबाचा वरचा आकडा नव्वद. विचारावे एक तर उत्तर भलतेच. सकाळपासून लघवीही झालेली नव्हती. सलाईन लावून मी त्यांना ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवले. अंगठा काढावा लागला; माणूस वाचला.

जखमेत पू झाला की आपण 'सेप्टिक झाले' म्हणतो. सेप्सिस हा त्याच्या फार पुढचा प्रकार. जंतूंशी लढता लढता शरीराची संरक्षण यंत्रणाच भरकटते आणि मूत्रपिंडे, फुप्फुसे, मेंदू यांना इजा होऊ लागते. तो आहे किंवा नाही, हे खात्रीने सांगणारी एकही रक्ततपासणी आजवर निघालेली नाही.

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन. १९३० साली ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात प्रथम आढळले. ते वाढू लागायला सहा ते बारा तास लागतात आणि पुढे दीड-दोन दिवस ते चढतच राहते. आमच्या रुग्णाचे रक्त फार लवकर घेतले गेले होते, म्हणून आकडा लहान दिसला. उलट संधिवातात किंवा नुसत्या मुक्या मारानेही सीआरपी वाढते.

१९९३ पासून प्रोकॅल्सिटोनिनचे नाव पुढे आले. जिवाणूंचा गंभीर संसर्ग असेल तर ते काही तासांतच वाढते. विषाणूंच्या तापात सहसा फारसे वाढत नाही. पण मोठे ऑपरेशन, भाजणे, मलेरिया यांतही ते वर जाते. लॅक्टेटची तपासणी निराळी. पेशींना रक्तपुरवठा कमी पडू लागला की ते दोनच्या वर जाते, आणि रुग्ण किती बिकट अवस्थेत आहे याचा अंदाज येतो.

म्हणूनच २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे की, प्रतिजैविके सुरू करायची की नाही हे प्रोकॅल्सिटोनिनवरून ठरवू नये; तो निर्णय रुग्णाला तपासूनच घ्यावा. औषध थांबवताना मात्र ही तपासणी उपयोगी पडते.

आमच्या पिंपरीला हा विषय परका नाही. इथल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागले. तेव्हापासून 'एक इंजेक्शन देऊनच टाका' हा आग्रह इथल्या दवाखान्यांच्या चांगलाच ओळखीचा आहे! पण गरजेपेक्षा जास्त दिवस औषध दिले की जंतू त्याला दाद देईनासे होतात. रुग्ण सुधारत असेल आणि प्रोकॅल्सिटोनिन ऐंशी टक्क्यांनी उतरले किंवा अर्ध्या नॅनोग्रॅमपर्यंत आले, तर डॉक्टर औषध बंद करण्याचा विचार करतात. अशा वेळी नातेवाईक हमखास विचारतात, "इतक्यात बंद का केलं?" तेव्हा तो उतरलेला आकडा त्यांच्यापुढे ठेवता येतो.