समुद्रापार गेलेला जवान आणि घरचे पत्र

बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यातील कित्येक घरांत एक तरी मुलगा पलटणीत असतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात असल्याने या भागाचा आणि सैन्याचा संबंध जुना आहे. जवान देशाच्या सीमेवर असो वा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर परदेशी असो, घरच्या माणसांचा प्रश्न एकच असतो : आपला निरोप त्याला पोहोचला का आणि त्याची खुशाली कधी कळेल? हा निरोप कसा जातो, कोणाकोणाच्या हातून जातो आणि त्यात गावाचा वाटा कोणता, हे प्रत्येकाने समजून घेणे हिताचे आहे.

पत्त्यात गावाचे नाव का नसते?

जवानाच्या पत्त्यावर त्याचा सैन्य क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण व कंपनी आणि शेवटी ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘मार्फत ९९ ए.पी.ओ.’ एवढेच असते. तो ज्या ठिकाणी आहे त्याचे नाव नसते. यामागे दोन कारणे आहेत. पलटण कोठे आहे हे पाकिटावरून कोणास कळू नये, हे पहिले. दुसरे असे की, पलटण हलली तरी पत्ता बदलावा लागू नये. दिल्ली व कोलकाता येथील लष्करी टपालाच्या मुख्य कार्यालयांत पत्रे पलटणीनुसार वेगळी केली जातात व तेथून क्षेत्रीय टपाल कार्यालयांकडे रवाना होतात. म्हणून सैन्य क्रमांक व पलटणीचे नाव बिनचूक लिहिणे हीच पत्र पोहोचण्याची खरी हमी होय. एकाच पलटणीत एकाच नावाचे अनेक शिपाई असू शकतात. क्रमांक मात्र एकाचाच असतो.

ही व्यवस्था अचानक उभी राहिलेली नाही. १८५६ साली इराणच्या मोहिमेवर गेलेल्या फौजेबरोबर भारतीय क्षेत्रीय टपाल कार्यालय प्रथम परदेशी गेले. लष्करी टपाल सेवेस स्वतंत्र दलाचा दर्जा १९७२ साली मिळाला. या दलाचे प्रशिक्षण केंद्र नागपूरजवळ कामठी येथे आहे, आणि त्यातील बरेच कर्मचारी नागरी टपाल खात्यातूनच येतात.

दुसऱ्याच्या लेखणीतून

पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या शरद ऋतूपासून, भारतीय शिपाई फ्रान्सच्या आघाडीवर लढले. त्यांतील बहुतेकांना लिहिता येत नव्हते. ते सांगत आणि लिहिता येणारा सोबती लिहून देई. पुढे ते पत्र बूलोन येथील तपासणी कचेरीत उघडले जाई. शिपायांना हे ठाऊक असल्यामुळे काहींनी आडून बोलण्याची रीत शोधली. काळी मिरी म्हणजे भारतीय शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे शिपाई, असा संकेत त्या पत्रांत आढळतो. मसाल्याची चौकशी वाटावी अशा वाक्यातून घरी कळे की, आपली माणसे किती उरली. तपासनिसांनी इंग्रजीत उतरवून घेतलेले अनेक उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत; मूळ पत्रे बहुतांशी उरली नाहीत.

पत्र गावी पोहोचल्यावरही ते एकाचे राहत नसे. शिकलेल्या माणसाकडून ते पडवीत वाचून घ्यायचे, आणि उत्तरही त्याच्याच हातून जायचे. सावकाराचा तगादा, मुलाचे आजारपण, घरातील बोलाचाली या गोष्टी सासू-सासऱ्यांदेखत, परक्या माणसाकडून पत्नीने कशा लिहून घ्याव्यात? परिणामी ‘सर्व क्षेम आहे’ एवढेच लिहिले जाई, आणि मनातले मनातच राही.

कधी तर पत्राची वाटच तुटे. मेसोपोटेमियात कूत येथे पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनला तुर्की फौजेने ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा घातला. तीत १०३ व ११० या मराठा पलटणी होत्या. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी फौजेने शस्त्रे खाली ठेवली. हजारो भारतीय शिपाई कैदेत गेले व त्यांतील अनेक परतले नाहीत. पत्र येत नाही याचा अर्थ काय समजावा, हा प्रश्न तेव्हा कित्येक उंबरठ्यांवर उभा राहिला असेल.

देवनागरी शिक्क्याचे तिकीट

स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्य शांतिरक्षणासाठी परदेशी जाऊ लागले. १९५३ साली कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे नेतृत्व मेजर जनरल शं. पां. थोरात या मराठी सेनानीकडे होते. या दलासाठी नेहमीच्या भारतीय टपाल तिकिटांवर ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ अशी देवनागरी अक्षरे छापण्यात आली. कटक म्हणजे सैन्य. पुढे गाझा व कांगो येथील भारतीय तुकड्यांसाठीही अशी खास छापील तिकिटे निघाली. हजारो मैलांवरून आलेल्या पाकिटावर स्वदेशाचे तिकीट पाहून घरच्यांना धीर वाटावा, हे स्वाभाविकच होते.

आजची सोय, आजची दक्षता

आता लेबनॉन, कांगो, दक्षिण सुदान अशा देशांत गेलेला जवान दूरध्वनीवरून मुलाचा चेहराही पाहू शकतो. वेळेचा हिशेब मात्र ठेवावा : आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा दक्षिण सुदानात सायंकाळचे सहा वाजलेले असतात. पलटण कोठे, केव्हा हलणार, हे जवानास विचारू नये. त्याची गणवेशातील छायाचित्रे व ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. ‘तुमचा मुलगा जखमी आहे, पैसे पाठवा’ असा अनोळखी फोन आल्यास पैसे न पाठवता पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अथवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे खात्री करावी.

तरीही लिहिलेल्या पत्राचे महत्त्व संपलेले नाही. फोनवरील बोलणे कानावर पडते आणि विरते. पत्र खिशात राहते व एकांतात पुन्हा वाचता येते. शिवाय घराच्या गर्दीत फोनवर जे बोलता येत नाही, ते कागदावर सांगता येते.

गावाचा वाटा

शिक्षकांनी जवानांच्या मुलांकडून महिन्यातून एक पत्र लिहून घ्यावे. पत्ता लिहिण्याचा धडा त्यातच होईल. पोस्टमनने अपुरा पत्ता दिसताच तो घरच्यांना दाखवून पुरा करून घ्यावा. ग्रामपंचायतीने गावातील जवानांचे पत्ते घरच्यांकडून तपासून घेण्यास साह्य करावे, मात्र ते भिंतीवर लावू नयेत. आणि ज्या घरात अजून कोणी आई वा पत्नी दुसऱ्याकडून पत्र लिहून घेत असेल, तेथे साक्षरतेचा पहिला पाठ तिच्या स्वतःच्या पत्राचा असावा. शंभर वर्षांपूर्वीच्या शिपायाला मिरीच्या आडून बोलावे लागले. आजच्या जवानाच्या घरी तरी मनातले स्वतःच्या अक्षरात लिहिता यावे.