बलाबलाचा हिशेब आणि खिदिरपूरची गोदी

दोन शेजारी देशांच्या लष्करी सामर्थ्याची तुलना करण्याची आज रूढ झालेली पद्धत म्हणजे सैनिक, रणगाडे, लढाऊ विमाने, युद्धनौका आणि संरक्षणावरील खर्च यांचे आकडे समोरासमोरच्या दोन रकान्यांत मांडणे आणि ज्या रकान्याची बेरीज मोठी त्याला बलवान ठरवणे. लंडनमधील एक संशोधन संस्था 'द मिलिटरी बॅलन्स' या नावाने असे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करते, आणि वृत्तपत्रांतील बहुतेक तक्ते तिच्याच आधाराने तयार होतात. अशी गणती निरुपयोगी असते असे नाही. परंतु युद्ध दोन देशांच्या बेरजांमध्ये होत नसून एका विशिष्ट भूभागात, विशिष्ट ऋतूत आणि मर्यादित दिवसांत होते, हे तिच्यात दिसत नाही. या उणिवेचा उत्तम दाखला १९७१ च्या पूर्वेकडील युद्धात मिळतो, आणि त्या दाखल्यातील एक महत्त्वाचे पण सहसा दुर्लक्षित राहिलेले स्थळ म्हणजे कोलकात्याचे खिदिरपूर.

१९७१ मध्ये भारताचे भूदल आठ लाखांहून अधिक होते, तर पाकिस्तानचे चार लाखांच्या आत होते, म्हणजे ढोबळ प्रमाण दोनास एक असे पडते. लष्करी शास्त्रात पूर्वापार मानल्या गेलेल्या आडाख्यानुसार आक्रमकाला बचाव करणाऱ्याच्या तिप्पट बळ लागते, त्यामुळे केवळ या बेरजेवरून निर्णायक विजयाचे भाकीत करणे धाडसाचेच ठरले असते. त्यातही भारताच्या फौजेचा मोठा भाग पश्चिम सीमेवर आणि चीनलगतच्या हिमालयात अडकलेला होता. प्रत्यक्ष पूर्व पाकिस्तानात मात्र गणित निराळे होते. तेथे पाकिस्तानी हवाई दलाची सेबर विमानांची एकच स्क्वाड्रन, म्हणजे एकत्र लढणारी विमानांची एकच तुकडी, ढाक्याजवळच्या तेजगाव तळावर होती. तिच्यासमोर भारताच्या दहा-अकरा स्क्वाड्रन उभ्या होत्या, आणि ६ डिसेंबरला धावपट्टीवर बॉम्ब पडल्यानंतर त्या एका स्क्वाड्रनचेही उड्डाण थांबले. पाकिस्तानचे दोन भाग सुमारे १,६०० किलोमीटरच्या भारतीय भूमीने विभागलेले होते. फेब्रुवारी १९७१ मध्ये, विमान अपहरणाच्या प्रकरणानंतर, भारताने आपल्या आकाशातून पाकिस्तानी विमानांना मज्जाव केला, आणि तेव्हापासून प्रत्येक सैनिक व प्रत्येक काडतूस श्रीलंकेला वळसा घालून पूर्वेकडे न्यावे लागू लागले. कराचीतील भांडारात पडलेला दारूगोळा तक्त्यात पाकिस्तानचे बळ म्हणून मोजला जात होता, ढाक्यात मात्र त्याची किंमत शून्याच्या जवळ होती.

ऋतूचा विचारही याच हिशेबातला आहे. पावसाळ्यात पूर्व बंगालची शेते पाण्याखाली जातात आणि रणगाडे रुततात. हिवाळ्यात हिमालयातील खिंडी बर्फाने बंद होतात आणि चीनच्या हस्तक्षेपाची शक्यता मावळते. एप्रिलऐवजी डिसेंबरमध्ये युद्ध लढल्याने भारताला डोंगरी तुकड्यांपैकी काही खाली उतरवता आल्या, म्हणजे एकही नवा सैनिक भरती न करता पूर्वेकडील बळ वाढले. ऑगस्टमधील भारत-सोव्हिएत कराराने या हिशेबात राजकीय भर घातली ती निराळीच.

खिदिरपूरचा संबंध येथे येतो, कारण पूर्व बंगाल हा नद्यांचा प्रदेश आहे आणि नद्यांतील युद्ध गोद्यांतून सुरू होते. खिदिरपूरची गोदी १८९२ मध्ये खुली झाली. हुगळी नदीची पातळी भरती-ओहोटीने सतत बदलत असल्याने लॉकगेटच्या, म्हणजे पाणी अडवून पातळी स्थिर ठेवणाऱ्या दारांच्या, आत जहाजे उभी राहतात. गोदीच्या उत्तरेला फोर्ट विल्यम आहे, जेथे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्या पूर्व विभागाचे मुख्यालय होते. पश्चिमेला, नदीच्या काठाने, गार्डन रीचचा जहाजबांधणी कारखाना आहे, जो १८८४ मध्ये नदीतील आगबोटींच्या दुरुस्तीसाठी सुरू झाला आणि १९६० मध्ये भारत सरकारच्या ताब्यात आला. या पट्ट्याचे युद्धातील महत्त्व शत्रूलाही ठाऊक होते. ५ डिसेंबर १९४३ रोजी जपानी विमानांनी खिदिरपूरच्या गोदीवर भरदिवसा बॉम्ब टाकले होते. मात्र बंदर समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटर आत, गाळाने उथळ झालेल्या नदीवर असल्याने मोठ्या युद्धनौकांच्या दृष्टीने ते अडचणीचे मानले जाई, आणि नौदलाच्या सामर्थ्याचा हिशेब करणाऱ्यांनी ते उणे बाजूलाच लिहिले असते. सुंदरबनच्या खाड्यांतून मोंगला आणि खुलना गाठायचे असेल, तर विमानवाहू 'विक्रांत'चा उपयोग नव्हता. तेथे लागणाऱ्या उथळ तळाच्या बोटी आणि नदी ओळखणारे खलाशी या दोन्ही गोष्टी याच अडचणीच्या बंदरात होत्या.

कोलकाता पोर्ट ट्रस्टने आपल्या दोन बोटी, 'पद्मा' आणि 'पलाश', मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या बंगाली दलाच्या, नौदलासाठी दिल्या. खिदिरपूर-गार्डन रीच पट्ट्यातील कारखान्यात सुमारे ३८ लाख रुपये खर्चून त्यांवर ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवण्यात आल्या आणि पाण्यात सुरुंग पेरण्याची सोय करण्यात आली. पूर्वेकडे पाकिस्तानी नौदलाजवळ 'जेसोर', 'राजशाही', 'कोमिल्ला' आणि 'सिल्हेट' या चारच मोठ्या तोफनौका होत्या. तेव्हा बंदरखात्याच्या दोन कामकरी बोटींनी स्थानिक प्रमाण किती बदलले, हे सहज ध्यानात यावे. तक्त्यात मात्र या बोटी कोठेच नव्हत्या: त्या भारतीय नौदलाच्या नव्हत्या, आणि ज्या देशाच्या होत्या त्याला अद्याप कोणी मान्यता दिलेली नव्हती.

या तुकडीचे नेतृत्व कमांडर एम. एन. आर. सामंत यांच्याकडे होते. १९६९ मध्ये सोव्हिएत संघाकडून आलेल्या 'करंज' या पाणबुडीचे ते पहिले कप्तान. खोल समुद्राखालच्या युद्धाचे शिक्षण घेतलेल्या या अधिकाऱ्याला नशिबाने खाडीतली मोहीम दिली. पनवेल गावाचे नाव धारण करणारी 'पनवेल' ही छोटी गस्ती नौका, 'पद्मा', 'पलाश' आणि सीमा सुरक्षा दलाची 'चित्रांगदा' असा चार बोटींचा ताफा हल्दियाहून निघून १० डिसेंबरला मोंगला येथे पोहोचला आणि तेथून खुलन्याकडे वळला. त्याच दिवशी खुलन्याजवळ भारतीय हवाई दलाच्या नॅट विमानांनी या बोटी शत्रूच्या समजून त्यांच्यावर हल्ला केला. ओळख पटावी म्हणून बोटींचे वरचे भाग पिवळे रंगवलेले होते, तरीही 'पद्मा' आणि 'पलाश' दोन्ही बुडाल्या. 'पलाश'च्या इंजिनघरातील मोहम्मद रुहुल अमीन हे या प्रसंगी मृत्यू पावले आणि बांगलादेशाने त्यांना 'बीर श्रेष्ठ' हा आपला सर्वोच्च शौर्यसन्मान दिला. सामंतांनी 'पनवेल'वरून बुडणाऱ्यांना वाचवले, मोहीम पुढे चालू ठेवली, आणि त्यांना महावीर चक्र मिळाले. दोन दलांमधील संदेशवहन किती पक्के आहे, याचा रकाना कोणत्याही तक्त्यात नसतो. त्याची उणीव १० डिसेंबरला दोन बोटींच्या आणि त्यांवरील माणसांच्या किमतीने भरावी लागली. विजयाच्या वर्णनांत हा प्रसंग अनेकदा एका ओळीत आटोपला जातो, ते बरोबर नाही.

याहूनही मोजायला अवघड बळ माणसांचे होते. ब्रिटिश काळापासून जहाजांच्या इंजिनघरांत काम करणारे सिल्हेट, नोआखाली आणि चितगावचे खलाशी खिदिरपूरच्या खानावळींत व वसतिघरांत उतरत आणि तेथूनच जगभरच्या जहाजांवर चढत. फाळणीने सीमा आखली तरी पूर्व बंगालमधील ही दर्यावर्दी परंपरा राहिली आणि पाकिस्तानी नौदलाने तिच्यातूनच माणसे भरती केली. रुहुल अमीन स्वतः नोआखालीचे आणि पूर्वी पाकिस्तानी नौदलात होते. मार्च १९७१ मध्ये फ्रान्समधील तूलाँ बंदरात असलेल्या 'मांग्रो' या पाकिस्तानी पाणबुडीवरील आठ बंगाली नौसैनिक निसटून भारतात आले, आणि प्लासीजवळ भागीरथीच्या काठी उभारलेल्या छावणीत पोहून जाऊन जहाजांच्या तळाला सुरुंग चिकटवणाऱ्या तरुणांच्या तुकड्या तयार झाल्या. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज येथील जहाजांवर एकाच वेळी हल्ले झाले. हल्ल्याचा संकेत आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून ठरावीक बंगाली गाणी वाजवून दिला गेला. पाकिस्तानच्या रकान्यात लिहिलेले हे नौसैनिक वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या बाजूला लढत होते, आणि ज्या सैन्यातील माणसे ज्या प्रजेवर राज्य करायचे तिच्यातलीच आहेत, त्याच्या संख्येवर कितपत विसंबावे हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

१६ डिसेंबरला शरणागती पत्करलेल्यांचा ९३,००० हा आकडा सर्वांच्या तोंडी आहे, पण त्यात निमलष्करी दले आणि नागरी माणसेही मोजलेली आहेत हे क्वचितच सांगितले जाते. विजेत्याच्या बाजूनेही आकड्यांचा मोह सुटत नाही.

आज भारत आणि बांगलादेश यांचे नौदल मोजायचे झाले तरी हीच सावधगिरी हवी. बांगलादेशाने २०१७ मध्ये चीनकडून घेतलेल्या दोन जुन्या पाणबुड्या सेवेत दाखल केल्या, त्या भारतीय ताफ्यापुढे नगण्य दिसतात. परंतु त्यांच्या निमित्ताने कॉक्स बाजार जिल्ह्यात उभा राहिलेला पाणबुडी तळ उपसागरात कोणाची ये-जा वाढवील, हा प्रश्न नगण्य नाही. दुसरीकडे गार्डन रीचच्या कारखान्याने २०१९ पर्यंत शंभर युद्धनौका बांधून दिल्या, आणि वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचे नाव घेतलेली पाणबुडीविरोधी नौका 'अर्नाळा' त्याच्याच कंत्राटातून तयार होऊन जून २०२५ मध्ये नौदलात आली. शस्त्रे विकत घेणाऱ्या आणि शस्त्रे बांधणाऱ्या देशांचे आकडे सारखे दिसले तरी दीर्घ युद्धात ते सारखे राहत नाहीत, म्हणून जहाजांच्या संख्येपेक्षा गोद्यांची क्षमता आधी पाहावी, हे मत येथे स्पष्टपणे नोंदवायला हवे. आणि तीही पुरेशी नाही. ज्या पट्ट्यात एकेकाळी बांगलादेशाच्या पहिल्या दोन तोफनौका सजल्या, तेथील कारखान्याला २०२४ मध्ये बांगलादेशाकडून ८०० टनी टग, म्हणजे मोठी जहाजे ओढणारी नौका, बांधण्याचे सुमारे २ कोटी १० लाख डॉलरचे काम मिळाले होते. ढाक्यातील सत्ताबदलानंतर, मे २०२५ मध्ये, ते रद्द झाले.