छताला डकवलेली चित्रं

गरोदर बाई तपासणीला टेबलावर आडवी झाली की तिला काय दिसतं? वरचं छत. फार तर पंखा आणि कोपऱ्यातली जळमटं. कॅनडातल्या एका बाईच्या आयुष्याला त्या कोऱ्या छतापासूनच वळण लागलं.

तिचं नाव लिन जॉन्स्टन. हॅमिल्टन शहरातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ती डॉक्टरी शिक्षणासाठी लागणारी शरीराची चित्रं काढायची. म्हणजे हात आधीच तयार होता, हे ध्यानात ठेवा. पहिल्या खेपेला तिच्या डॉक्टरांनी, मरे एन्किन यांनी, तिला छतावर लावायला गमतीची चित्रं काढायला सांगितलं. पोट पुढे आलेली बाई, गोंधळलेला नवरा, कमी न होणारं वजन, असं जे ती भोगत होती तेच तिने काढलं. ऐंशीच्या आसपास चित्रं झाली आणि १९७३ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं.

पुढे पहिला संसार मोडला. मूल पदरात होतं, आणि पोटासाठी चित्रं काढणं चालूच होतं. दुसरं लग्न दातांच्या डॉक्टरांशी झालं आणि ती पार उत्तरेकडच्या लिन लेक या खाणीच्या गावी राहायला गेली. याच सुमारास वर्तमानपत्रांना चित्रकथा पुरवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने तिला विचारलं, रोज एक काढशील का?

रोज म्हणजे खरंच रोज. तीन-चार चौकटी, त्यात घडलेली एक गोष्ट, आणि रविवारी जरा मोठी. तापाने फणफणलेलं पोर असो की पाहुणे, पेपर थांबत नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये 'फॉर बेटर ऑर फॉर वर्स' सुरू झाली. ख्रिस्ती लग्नात सुखदुःखात साथ देण्याची शपथ घेतात, त्यातलेच हे शब्द. एली नावाची आई, नवरा जॉन, दोन मुलं आणि फार्ली कुत्रा. एली दमते, चिडते, पोरांवर ओरडते आणि मग तिचं तिलाच वाईट वाटतं. आई म्हणजे नुसती मायेची मूर्ती, असं तिने दाखवलं नाही. मला तिचं हेच सगळ्यात आवडतं.

आणखी एक वेगळेपण. इतर चित्रकथांत पोरं वर्षानुवर्षं तेवढीच राहतात, हिची मोठी होत गेली. लिनला आणखी एक मूल हवंसं वाटत होतं. ते तिने कागदावर जन्माला घातलं, एप्रिल नावाची मुलगी! १९९५ मध्ये नदीत पडलेल्या याच एप्रिलला वाचवून म्हातारा फार्ली मेला, तेव्हा वाचकांच्या पत्रांचा ढीग लागला. कितीतरी जण रागावले होते.

रेडिओवर घरचं बोलताना आपल्यालाही प्रश्न पडतो, किती सांगायचं? सासूबाई ऐकतील, मुलांना शाळेत चिडवतील. लिनने कागदावरची मुलं खऱ्या मुलांपेक्षा काही वर्षांनी लहान ठेवली होती. घरातलं जसंच्या तसं बाहेर जाऊ नये, याला तेवढी आड पुरते.

चित्रकारांचा मानाचा रूबेन पुरस्कार तिला १९८५ सालासाठी मिळाला. तो मिळवणारी ती पहिलीच बाई. पुढे दोन हजारांवर वर्तमानपत्रांत ही गोष्ट छापली जाऊ लागली. २००८ मध्ये एलीच्या मोठ्या लेकीचं लग्न लावून लिनने कथा पुरी केली. तोवर चित्रातली एली आजी झाली होती.