सचिवाची नजर आणि यंत्राची टिपणे



भोर हे पंतसचिवांचे गाव. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची रचना ठरली, तेव्हा पूर्वीच्या 'सुरनीस' या पदास 'सचिव' हे संस्कृत नाव मिळाले. सचिवाचे काम थोडक्यात असे : राज्याचे पत्र बाहेर जाण्यापूर्वी ते वाचावे, त्यात अधिक-उणे अक्षर असेल तर दुरुस्त करावे, आणि मगच त्यास चालना द्यावी. राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायण यांच्याकडे आले आणि पुढे त्यांच्या वंशजांचे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. पद इतिहासजमा झाले. पण लिहिलेल्या आज्ञेवर जाणत्या माणसाची नजर असावी, ही गरज मात्र आज संगणकाच्या कामात नव्याने उभी राहिली आहे. ती कशी, हे आज पाहावयाचे आहे.

संगणकाकडून काम करवून घ्यावयाचे तर त्यास प्रोग्राम लिहून द्यावा लागतो. आता हे लेखनही यंत्र करू लागले आहे. 'अमुक हिशेब असा करून हवा' एवढे साध्या भाषेत सांगितले की कृत्रिम बुद्धिमत्तेचा 'एजंट' आधीच्या फाइली वाचतो, नवा प्रोग्राम लिहितो, चालवून पाहतो आणि अडले तर दुरुस्तही करतो. हा एजंट म्हणजे विम्याचा वा जमिनीचा मध्यस्थ नव्हे. सांगितलेले काम स्वतः पायऱ्या ठरवून पुरे करणारे यंत्र, एवढाच येथे अर्थ. त्याचे वाचन अफाट असते, परंतु तुमच्या संस्थेची रीत त्यास ठाऊक नसते, आणि काल सांगितलेले आज त्याच्या ध्यानात राहीलच असेही नाही. रोज सकाळी नव्याने रुजू होणाऱ्या एखाद्या हुशार कारकुनासारखी त्याची स्थिती असते.

आपल्या भागातलेच उदाहरण घेऊ. समजा, एका सहकारी संस्थेस शेतकऱ्यांकडून घेतलेल्या भाताच्या बिलांचा प्रोग्राम हवा आहे. 'भात' म्हणजे टरफलासकट धान्य, 'तांदूळ' म्हणजे भरडलेला दाणा, आणि पानात वाढतो तोही भातच. हे येथल्या लहान मुलासही सांगावे लागत नाही. परंतु एजंटाने भाताच्या वजनास तांदळाचा दर लावला तर काय होईल? भात भरडल्यावर हाती येणारा तांदूळ साधारण दोन-तृतीयांश भरतो. प्रोग्राम न अडखळता चालेल, बेरजा बिनचूक येतील, आणि तरीही प्रत्येक बिल चुकीचे निघेल. प्रोग्राम बंद पडला तर निदान कळते; चुकीचे बिल मात्र मुकाट्याने छापले जाते. त्याचा भुर्दंड शेतकऱ्यास किंवा संस्थेस पडतो.

यावर उपाय म्हणजे 'स्किल फाइल'. ऑक्टोबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने आपल्या एजंटासाठी 'स्किल्स' ही रचना प्रसिद्ध केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती सर्वांना वापरता येईल असे खुले मानक म्हणून मांडली. रचना अगदी साधी आहे. प्रत्येक कौशल्याची एक फोल्डर, तीत एक मुख्य फाइल. तिच्या माथ्यावर दोन गोष्टी : कौशल्याचे नाव, आणि ते कशासाठी व केव्हा वापरावे याचे वर्णन. नाव फार तर ६४ अक्षरांचे, वर्णन फार तर १,०२४ अक्षरांचे. त्याखाली काम करण्याची रीत. ती पाचशे ओळींच्या आत असावी असा सल्ला दिला जातो. जोडीला दरपत्रके, नमुने किंवा लहान तयार प्रोग्राम ठेवता येतात.

एवढे विभाग कशाला, असे कोणी विचारील. एजंटासमोर एका वेळी किती मजकूर राहू शकेल यास मर्यादा आहे, आणि गर्दी झाली की महत्त्वाची ओळ हरवते. म्हणून आरंभी तो सर्व कौशल्यांची फक्त नावे व वर्णने वाचतो. काम जुळले तरच पूर्ण फाइल उघडतो, आणि गरज पडली तरच जोडपत्रे पाहतो. कारकून दप्तराचे रुमाल सोडण्यापूर्वी वरच्या चिठ्ठ्या वाचतो, तसेच हे. चिठ्ठी मोघम असेल तर आतला उत्तम कागदही कोणाच्या हाती लागत नाही. 'हिशेबासाठी उपयुक्त' असे वर्णन व्यर्थ होय. 'भात खरेदीची बिले, दर किंवा वजन यांसंबंधी काम निघाल्यास वापरावे' हे वर्णन कामाचे.

रीत लिहिताना आज्ञेबरोबर कारणही द्यावे. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. आरमारासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे परस्पर तोडू नयेत असे तेथे सांगितले आहे, आणि का, तेही सांगितले आहे : ही झाडे वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत, लोकांनी ती मुलांसारखी जोपासलेली असतात. कारण कळले की आज्ञेत नाव नसलेल्या झाडाशी कसे वागावे, हेही उमगते. एजंटाचेही तसेच आहे. 'भात व तांदूळ एका रकान्यात मिसळू नये' एवढेच न लिहिता 'दोहोंचे दर निराळे, म्हणून' असे लिहिले, तर कण्यांचा प्रश्न आल्यावर तो त्याही वेगळ्या ठेवील. जेथे बिनचूक आकडेमोड हवी तेथे मात्र शब्दांवर विसंबू नये. तपासलेला लहान प्रोग्रामच फोल्डरमध्ये ठेवावा.

फाइल लिहिणे हे अर्धेच काम झाले. २०२५ मध्ये वेल्हे तालुक्याचे नाव अधिकृतपणे 'राजगड' झाले. २०२४ साली लिहिलेल्या फाइलीत 'वेल्हे' असेच असणार. ती तशीच राहिली तर नव्या यादीतले 'राजगड'चे शेतकरी एजंटाच्या प्रोग्राममधून गळतील, किंवा एका तालुक्याचे दोन तालुके होतील. बरे, घाईने सर्वत्र वेल्ह्याचे राजगड करून टाकावे, तर जुन्या पावत्यांचा मेळ तुटेल. शिवाय राजगड हे किल्ल्याचे नाव आहे, आणि भोर तालुक्यात निगडे येथे त्याच नावाचा साखर कारखाना उभा आहे. तेव्हा योग्य नियम असा : वेल्हे व राजगड हा एकच तालुका समजावा, जुन्या नोंदी बदलू नयेत, नव्या नोंदी राजगड या नावाने कराव्यात, पत्त्यात राजगड शब्द आला एवढ्यावरून तालुका ठरवू नये. हा नियम यंत्रास आपोआप सुचेल असे धरून चालू नये. येथला माणूसच तो खात्रीने सांगू शकतो.

शिळी फाइल ही फाइल नसण्यापेक्षा अधिक घातक असते. फाइल नसेल तर एजंट निदान शोधतो, विचारतो. फाइल असेल तर तीवर विश्वास ठेवतो. म्हणून प्रत्येक फाइलीस एक जबाबदार माणूस असावा. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहावी. चूक सापडली की केवळ बिल दुरुस्त करून थांबू नये, फाइलीतील वाक्यही दुरुस्त करावे. आणि ओळी वाढतच जाऊ न देता निरुपयोगी झालेल्या ओळी काढाव्यात. बदल केल्यावर, ज्यांचे उत्तर आपणांस आधीच ठाऊक आहे अशी पाच-दहा जुनी बिले एजंटाकडून पुन्हा करवून घ्यावीत. परक्याकडून आलेली फाइल तर जोडलेल्या प्रोग्रामांसह वाचल्यावाचून वापरूच नये. कारण लिहिलेले पाळणे हाच एजंटाचा धर्म, आणि लिहिणाऱ्याचा हेतू त्यास नेहमीच ओळखता येईल असे नाही.

हे काम केवळ संगणकतज्ज्ञांचे, असा समज होणे साहजिक आहे. पण तो खरा नाही. फाइल साध्या भाषेत असते, मराठीतही लिहिता येते. वजनकाट्यावर आयुष्य घालवलेला माणूस, जुना चिटणीस, गावची नावे तोंडपाठ असलेला तलाठी यांच्या जवळचे ज्ञान बहुधा कोठेच लिहिलेले नाही. ते त्यांच्या निवृत्तीबरोबर जाते. यंत्राच्या निमित्ताने ते कागदावर उतरले तर यंत्र उद्या बदलले तरी ते आपलेच राहील. आपल्या संस्थेत असे यंत्र आले, तर संचालकांनी पहिला प्रश्न त्याच्या किमतीचा जरूर विचारावा. दुसरा प्रश्न मात्र असा असावा : याच्या फाइली कोण वाचतो, आणि शेवटच्या केव्हा वाचल्या?