तळघराचं कुलूप आणि अर्धवट खेळ

(खेळांच्या पोटात : लेखांक ६)

शत्रूला काय दिसतं आणि काय ऐकू येतं, यावर लपूनछपून खेळायचे खेळ कसे उभे राहतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. हेच तंत्र भीतीच्या कामाला लावलं की काय होतं, याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण ‘हॅलो नेबर’. मात्र पूर्ण झालेला खेळ नव्हे, त्याआधीच्या कच्च्या आवृत्त्या.

रशियातल्या डायनॅमिक पिक्सेल्स या स्टुडिओने तो बनवला, टायनीबिल्ड या अमेरिकी कंपनीने प्रकाशित केला. पहिली अल्फा, म्हणजे कच्ची आवृत्ती, ऑक्टोबर २०१६मध्ये आली, वर्ष संपेपर्यंत आणखी दोन आल्या. गोष्ट एवढीच : समोरच्या घरातल्या मिशाळ शेजाऱ्याने तळघर कुलूपबंद केलंय, आणि तुम्हाला आत काय आहे ते बघायचंय.

मागच्या खिडकीची काच फोडून तुम्ही आत शिरता. तो धावत येतो, धरतो, आणि तुम्ही पुन्हा रस्त्याच्या अलीकडे. असं होत राहिलं की एखाद्या खेपेला त्याच खिडकीखाली लोखंडी दातांचा सापळा जबडा वासून बसलेला असतो. पुढच्या दाराने जावं, तर तिथे कॅमेरा. लपाछपीत राज्य असलेला गडी दर डावाला शहाणा होत जावा, तसं हे. यामागे फार गहन बुद्धी नाही. तुमची ये-जा कुठून होते, याची खेळ नोंद ठेवतो आणि पुढच्या डावात तीच वाट अडवतो. खेळणाऱ्याला मात्र वाटतं, हा माणूस आपल्यावर डूख धरून आहे. ही भीती चित्रांनी किंवा आवाजांनी येत नाही. ती आपल्याच सवयींतून येते.

तळघराचं उत्तर अल्फांमध्ये नव्हतं. मग चाहत्यांनी ते शोधायला घेतलं. भिंतीवरची चित्रं, बंद दारं, स्वप्नासारखे तुटक प्रसंग, सगळं थांबवून थांबवून पाहिलं गेलं. ‘गेम थिअरी’सारख्या यूट्यूब वाहिनीने त्यावर तर्क लढवले, आणि शाळकरी पोरंही त्यात हिरिरीने उतरली.

पूर्ण खेळ ८ डिसेंबर २०१७ला आला. शेवटच्या भागातलं घर अवाढव्य, भोवती चक्क रेल्वेचे रूळ; दोनदा उडी मारायची ताकद हवी तर आधी एक भयस्वप्न पार करायचं. कोडी इतकी आडवळणी की समीक्षकांनी झोडपलं. मला खटकतं ते वेगळंच : एवढ्या पसाऱ्यात शेजारीच बाजूला पडला.

म्हणून अनेक जुने चाहते आजही दुसऱ्या अल्फाचं नाव घेतात. यात नुसतं स्मरणरंजन नाही; त्या आटोपशीर घरात तो कायम हाकेच्या अंतरावर असायचा. निर्मात्यांनी पुढे मॉड, म्हणजे खेळात स्वतःचे बदल, बनवण्याची साधनं खुली केली, तेव्हा काहींनी तीच जुनी घरं खोली-खोलीने पुन्हा उभी केली.

पुढच्या आठवड्यात : अंधारात आवाज कुठून आला, हे खेळ कसं ठरवतो.