बंगरूळ प्रांतीची अपरिचित स्थळे

रजा प्रवास सवलतीचा अर्ज भरताना महाराष्ट्रातील कर्मचारी 'बंगळूर-म्हैसूर-उटी' हे शब्द इतक्या सहजतेने लिहितो, की जणू ते एकाच गावाचे नाव असावे. त्यातही बंगळूरच्या वाट्याला जेमतेम एक दिवस येतो. सकाळी लालबाग, दुपारी विधानसौधाचे बाहेरूनच दर्शन, संध्याकाळी चिकपेठेत रेशमी साड्यांची खरेदी आणि रात्री म्हैसूरची गाडी. ज्या चिकपेठेत साडीच्या भावावरून घासाघीस चालते, त्याच परिसरात एके काळी शहाजीराजे भोसले यांचा वाडा होता असे मानले जाते, याची जाणीव मात्र फारच थोड्या मराठी पर्यटकांना असते.

इ.स. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली केंपेगौडा घराण्याकडून बंगळूर घेतले. या मोहिमेत शहाजीराजे होते. पुढे बंगळूर व आसपासचा मुलूख त्यांच्याकडे जहागिरीदाखल आला आणि १६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्या कर्तृत्वाचे केंद्र हेच शहर राहिले. जुन्या मराठी कागदपत्रांत ते 'बंगरूळ' या नावाने भेटते. बाल शिवाजी आणि जिजाबाई यांचाही काही काळ येथे वास्तव्याचा होता. राजांच्या दरबारी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' हा ग्रंथ रचला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये तो प्रसिद्ध केल्यावर, या दरबारात किती विविध भाषांचे कवी आश्रयाला होते, हे महाराष्ट्राला कळले. बहुभाषिक बंगळूरची कीर्ती संगणकयुगाच्या कितीतरी आधीची आहे, असेच म्हटले पाहिजे!

परंपरेने 'गौरीमहाल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या वाड्याचा एक चिराही आज दाखविता येत नाही. मात्र, त्या काळाचा एक लेखी पुरावा मल्लेश्वरम भागात दगडावर कोरलेला आहे. संपिगे रस्त्याच्या, म्हणजे मराठीत सांगायचे तर चाफ्याच्या रस्त्याच्या, जवळच काडू मल्लेश्वराचे मंदिर आहे. कन्नडमध्ये 'काडू' म्हणजे रान. १८९८ च्या प्लेगनंतर ही वसाहत आखली गेली, तोवर येथे खरोखरच रान होते आणि वसाहतीला नाव मिळाले ते या देवावरून. येथील १६६९ च्या शिलालेखात शहाजीराजांचे पुत्र एकोजी, म्हणजेच व्यंकोजी, यांनी देवाच्या पूजाअर्चेसाठी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद आहे. ते गाव आता वाढत्या शहराच्या पोटात विरून गेले. लेख मात्र शिल्लक आहे. मंदिरासमोरच दक्षिणमुख नंदीतीर्थ आहे. कित्येक वर्षे मातीखाली दडलेले हे स्थान १९९७ मध्ये पुन्हा प्रकाशात आले. नंदीच्या मुखातून पडणारी अखंड धार खालच्या शिवलिंगावर अभिषेक करीत असते. सकाळच्या वेळी, गर्दी होण्यापूर्वी, येथे तासभर बसावे. बंगळूरच्या वाहतुकीचा सारा शीण उतरतो.

या शहराचे पुढे काय झाले, हे बँकेच्या वाचकांना विशेष रंजक वाटावे. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराजांनी हा मुलूख आपल्या ताब्यात आणला आणि पुढे समेट होताना बंगळूर, होसकोट, शिरे हा प्रांत व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिला. वडीलकीचा अधिकार आणि भावजयीचा मान, दोन्ही सांभाळणारी अशी तडजोड राजकारणात विरळाच. परंतु व्यंकोजी तंजावरला स्थिरावले होते. तेथून दूरचे बंगळूर राखणे कठीण, म्हणून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी विक्रीची बोलणी सुरू झाली. किंमत ठरली तीन लाख रुपये. व्यवहार पुरा होण्यापूर्वीच, १६८७ मध्ये, मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले आणि त्याच रकमेला ते वोडेयरांच्या स्वाधीन केले. मालकाला बाजूला सारून त्रयस्थानेच रक्कम पदरात पाडून घेतल्याचे हे जुने उदाहरण! आज चिकपेठेतल्या दुकानासाठी एवढ्या रकमेचे कर्ज मागणाऱ्याला शाखाधिकारी हसून परत पाठवील.

मोटारीने पुण्याहून बंगळूरला जाणाऱ्यांना आणखी काही स्थळे वाटेवरच सापडतात. दीपाबाईंना मिळालेले शिरे, म्हणजे तुमकूरच्या अलीकडचे आजचे सिरा, राष्ट्रीय महामार्गावर आहे. विजापूरचा अधिकारी मलिक रिहान याची १६५१ ची कबर आणि मोगल अमदानीत १६९६ मध्ये बांधलेली जुम्मा मशीद ही येथील प्रेक्षणीय वास्तुशिल्पे होत. येथील मोगल बागेवरूनच हैदरअलीला लालबागेची कल्पना सुचली, असे सांगितले जाते.

मात्र खरी वाट वाकडी करावी ती दावणगिरीहून चन्नगिरीच्या दिशेने. या रस्त्यावर संतेबेन्नूर येथे स्थानिक नायकांनी बांधलेली विस्तीर्ण पुष्करिणी आहे. पाण्याच्या मधोमध वसंतमंडप आणि काठावर मुसाफिरखाना. मुसाफिरखान्याशी नाव जोडले जाते ते बंगळूर घेणाऱ्या रणदुल्लाखानाचेच. पुढे चन्नगिरी तालुक्यातच होदिगेरे हे लहानसे गाव आहे. २३ जानेवारी १६६४ रोजी याच परिसरात शिकारीच्या मागे दौडताना शहाजीराजे घोड्यावरून कोसळले आणि त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी येथे आहे.

रायगड पाहिलेल्या डोळ्यांना ही समाधी फार साधी वाटेल. भव्यता पाहण्याच्या अपेक्षेने येणाऱ्याची येथे निराशाच होईल. निजामशाही, मोगल आणि आदिलशाही अशा तीन सत्तांच्या राजकारणात वावरलेला, दोन राजवंशांचा हा जनक, मायभूमीपासून शेकडो मैल दूर कानडी मुलखात विसावला आहे. त्याच्या थोरल्या मुलाला, संभाजीराजांनाही, कनकगिरीच्या वेढ्यात याच कर्नाटकात मरण आले होते. महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य वाहने दावणगिरीवरून जातात. त्यांतील फार थोडी येथे वळतात.

होदिगेरेला मुक्कामाची सोय शोधू नये. दावणगिरीत राहून एका दिवसात संतेबेन्नूर आणि होदिगेरे आरामात होते. वेळ उरल्यास चन्नगिरी तालुक्यातीलच सूळेकेरे हा प्रचंड मध्ययुगीन तलाव पाहावा. पावसाळा सरल्यावर, तो भरलेला असताना, गेल्यास उत्तम. दावणगिरीचा प्रसिद्ध लोण्याचा डोसा सकाळी निघतानाच खाऊन घ्यावा, कारण पुढच्या वाटेवर तसा मिळत नाही.